दगडावरची चूक

पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत बुद्धिबळाचा विश्वविजेता अलेक्झांडर अलेखाइन याची समाधी आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघानं, म्हणजे फिडेनं, ती 1956 साली उभारली. त्या दगडावर कोरलेली जन्मतारीख चुकीची आहे. मृत्यूची तारीखही चुकीचीच.

अलेखाइन मॉस्कोत जन्मला तेव्हा रशियात जुनं ज्युलियन कॅलेंडर चालत होतं. त्यानुसार जन्म 19 ऑक्टोबर 1892 चा. एकोणिसाव्या शतकातली अशी तारीख आपल्या कॅलेंडरात आणायला 12 दिवस मिळवायचे, विसाव्या शतकातली असेल तर 13. बारा मिळवले की येतो 31 ऑक्टोबर. कुणीतरी तेरा मिळवले आणि दगडावर 1 नोव्हेंबर आला. मृत्यू पोर्तुगालमध्ये 24 मार्च 1946 रोजी झाला. दगड 25 म्हणतो.

‘एका दिवसानं काय बिघडतं?’ असं ज्याला कधी म्हणवलं नसतं, असा एक माणूस फिलाडेल्फियात होता. जेरेमी गेज (1927–2011). पेशानं पत्रकार. पटावर त्यानं कुणाला हरवलं म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. इतरांनी कुणी कुणाला, कुठं, कधी हरवलं, हे लिहून ठेवण्यात त्यानं हयात घालवली.

1969 ते 1974 या काळात त्यानं चार खंड काढले. 1851 ते 1930 पर्यंतच्या स्पर्धांचे तक्ते, बाकी काही नाही. ना रंगवलेला किस्सा, ना डावाचं रसग्रहण. वाचायला बसलात तर दहा मिनिटांत झोप येईल. पण असा तक्ता म्हणजे वाण्याची खतावणीच. प्रत्येक निकाल त्यात दोनदा येतो: एकाच्या ओळीत 1, तर दुसऱ्याच्या ओळीत 0, बरोबरी असेल तर दोन्हीकडे अर्धा. हेस्टिंग्जची 1895 ची गाजलेली स्पर्धा घ्या. 22 खेळाडू, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, म्हणजे 231 डाव आणि सगळ्यांचे मिळून 231 गुण. पिल्सबरी साडेसोळा, चिगोरिन सोळा, लास्कर साडेपंधरा, असं करत खालपर्यंत बेरीज 231 च भरली पाहिजे. दोनशे साडेतीस भरली, तर जुन्या वर्तमानपत्रात कुठंतरी अर्धा गुण सांडला आहे, तो शोधायचा.

खरी डोकेदुखी पुढेच. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हा बेरीज जुळते आणि तक्ता तरीही खोटा असतो. तिथं गणित हात टेकतं. मग दुसरं वर्तमानपत्र, स्पर्धेचं पुस्तक, खुद्द डावाची नोंद असं एकेक ताडून पाहावं लागतं. जुन्या खेळाडूंची ताकद आज संगणकानं मोजणाऱ्या ‘चेसमेट्रिक्स’सारख्या उपक्रमांचा 1930 पर्यंतचा पाया गेजच्या याच तक्त्यांवर उभा आहे.

1987 साली त्याचं ‘चेस पर्सोनालिया’ आलं. सुमारे 14,000 नावं: पूर्ण नाव, जन्म, मृत्यू, गाव. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा प्रकार लगेच कळेल. फरक एवढाच, की गेज नोंदीपाशी आधारही देतो: ही माहिती कुठून आली, ते. मला त्याचं मोठेपण तारखांपेक्षा या सवयीत दिसतं. आधार दिला की चूक दाखवायची सोयही आपणच करून दिलेली असते.

असा नोंदकर्ता नसता तर काय हरवलं असतं, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कलकत्त्यात स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन हा महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी खेळत असे. 1855 मधल्या त्यांच्या एका डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना बॅनर्जींनी जी सुरुवात केली, तिला आज जग ग्रुनफेल्ड बचाव म्हणतं. ग्रुनफेल्ड तो खेळला 1922 मध्ये! डाव कागदावर उतरला म्हणून निदान हे सांगता तरी येतं. बॅनर्जींच्या नावाची स्पेलिंगं मात्र छापील पुस्तकांत इतकी आहेत, की यादी करणाऱ्यानं कपाळावर हात मारावा.

आपल्याकडे 1955 साली एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते. 1974 पासून जवळपास दशकभर महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी घराबाहेर फारसं जाऊ दिलं नाही. त्या काळात जिल्हा आणि राज्य स्पर्धा खेळलेली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि त्यांच्या माळ्यावर स्कोअरशीटच्या कार्बन प्रतीही असतील. दिवाळीच्या आवराआवरीत त्या सापडल्या तर रद्दीत घालू नका. प्रत्येकीच्या मागे गाव, वर्ष, फेरी आणि निकाल लिहा. आणि कृपा करून नुसतं ‘कुलकर्णी वि. जोशी’ लिहून थांबू नका. पूर्ण नावं लिहा.