शेजारची पुस्तकं

नवी पानं : लेखांक ११

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तक मागायला गेलं की आधी विषय विचारतात. इतिहास? विज्ञान? पर्यावरण? या आठवड्याची तीन पुस्तकं तिथे तीन वेगळ्या फळ्यांवर सापडतील. मला मात्र ती एकमेकांच्या शेजारची वाटतात.

पहिलं 'इरू' (२०२४). इरावती कर्व्यांचं हे इंग्रजी चरित्र त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि मानववंशशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलंय. 'युगान्त' लिहिणाऱ्या बाई आपल्या ओळखीच्या, पुण्यात स्कूटरवरून हिंडणाऱ्या बाईही ऐकून माहीत. पण १९२७ साली बर्लिनला गेलेली विद्यार्थिनी? तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वावर गाढ श्रद्धा असलेले. युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, आणि ते त्याच्या कवटीच्या ठेवणीत दिसतं, असं त्यांना सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा नि त्या ठेवणीचा संबंध आढळत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. पदवी गुरूच्या हातात असताना! पुस्तक विकत घ्यायला एवढं प्रकरण पुरे. (पुढे भारतात जातीजातींची शारीरिक मोजमापं त्यांनीही घेतलीच. हे वाचताना विसरू नये.)

१९३९ पासून त्यांचं काम येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात. त्याच येरवड्यातल्या वस्तीत, एका खोलीच्या घरात शैलजा पाईक वाढल्या. आता त्या अमेरिकेत सिनसिनाटीला इतिहास शिकवतात. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) हा त्यांचा तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास. शाहीर पठ्ठे बापूरावांचं नाव घराघरात पोचलं, त्यांच्या फडात नाचणाऱ्या पवळाबाईंच्या वाट्याला काय आलं? 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' हे आपलेच शब्द त्या उलटून पालटून तपासतात. भाषा विद्यापीठी, जड आहे. प्रस्तावनेत अडखळलात तर सरळ पवळाबाईंपाशी जा.

तिसरं मराठीतही मिळतं : पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं 'सह्याचला आणि मी : एक प्रेम कहाणी' (२०२३). लहानपणी गाडगीळांच्या शेजारी राहत होत्या त्या इरावतीबाईच. देवरायांवरची पानं मी दोनदा वाचली. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचा भाग मात्र चडफडत वाचावा लागतो. २०११ साली सरकारला दिलेला अहवाल लोकांपुढे यायला २०१२ उजाडलं. गावाच्या डोंगराचं काय करायचं ते ग्रामसभेला विचारा, हे त्यातलं म्हणणं. वाचताना मला कोयनेच्या विस्थापितांची पाहणी आठवली. त्या लोकांचं पुढे काय झालं, हे त्यांच्याकडेच जाऊन विचारणाऱ्या दोघी होत्या इरावतीबाई आणि त्यांची लेक जाई निंबकर. पाहणी छापली गेली १९६९ साली. ती चौकात मिळणार नाही, ग्रंथालयातच शोधावी लागेल.