पगारपत्रकापासून पाझर तलावापर्यंत

मुंबईत वा पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या गृहस्थाने आपले पगारपत्रक जरा बारकाईने न्याहाळले, तर भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर या मातब्बर वजावटींच्या आडोशाला अंग चोरून उभी असलेली 200 रुपयांची, आणि फेब्रुवारीत मात्र 300 रुपयांची, एक किरकोळ रक्कम त्याच्या दृष्टीस पडेल. तिचे नाव व्यवसाय कर. ही रक्कम कोठे जाते याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही, आणि करणाराही ती हिशेबनिसाकडे करून थांबतो. परंतु 1975 साली हा कर बसविताना त्यामागे जो हेतू होता, तो शहरातील बांधलेल्या पगाराचा एक थेंब दुष्काळी तालुक्यातील बिनपगारी हातांपर्यंत पोहोचविण्याचा होता, आणि करातून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे पुढे कायद्यानेच ठरले.

मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीची ही कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. तिचा पहिला प्रयोग त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिला होता. पण तिला राज्यव्यापी रूप दिले ते 1972 च्या दुष्काळाने. त्या पिढीतील माणसे आजही कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव आणि खडी फोडताना हाताला आलेले फोड एकाच श्वासात सांगतात. 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला आणि काम मागणे ही सरकारदरबारी केलेली याचना न राहता तो हक्क ठरला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि स्त्रीपुरुषांना एकच दर, ही त्याची मुख्य कलमे.

आता या पैशाने मागास मुलखाची वाढ होते ती कशी? पैशाचा पहिला फेरा अगदी आखूड असतो. हजेरीपटावर अंगठा उठे, हातात मजुरी पडे आणि आठवडी बाजार उठायच्या आत ती तेल, मीठ, मिरची आणि पोराच्या चपला यांत वाटली जाई. वाण्याची उधारी फिटे आणि गावातच चार दुकाने जगत. दुसरा फेरा लांब पल्ल्याचा. मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरच्या पट्ट्यात काळ्या कातळावर जेमतेम हातभर माती; पाऊस चार दिवसांत कोसळून ओढ्याने निघून जातो. अशा ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडविले, की ते वरून फारसे दिसत नाही, पण खडकाच्या भेगांतून हळूहळू पाझरत खालच्या शिवारातील विहिरींत उतरते, आणि जी विहीर माघातच तळ दाखवीत असे तिची मोट, पुढे मोटर, आणखी दोन महिने चालू राहते. त्या दोन महिन्यांत एक पीक बसते. येथे एक गोष्ट मात्र बोलून टाकली पाहिजे : बांधाची माती जिने डोक्यावरून वाहिली तिची स्वतःची विहीर नव्हती, जमीनही नव्हती, पाणी ज्याच्या विहिरीला लागले तो बहुधा त्या कामावर आलाच नव्हता.

असा विकासाचा पैसा कोणत्या प्रदेशाला किती द्यावा, हा वाद मात्र राज्याहूनही जुना आहे. 1953 च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन दिले होते आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचे मान्य केले होते. आश्वासनाचे माप घेण्याचे काम 1983 मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीकडे आले. नीळकंठ रथ यांच्यासह 1971 मध्ये दारिद्र्यावर ग्रंथ लिहून सार्वजनिक कामांचा पुरस्कार करणारे हेच दांडेकर. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ बाबतींत राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला तेथवर आणण्याचा खर्च मोजायचा, अशी त्यांची सरळ रीत होती. आणि 1984 मध्ये त्या खर्चाची, म्हणजेच ‘अनुशेषा’ची, बेरीज सुमारे 3,187 कोटी रुपये निघाली. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या उर्वरित महाराष्ट्राचा होता, हे सभेत टाळ्या मिळविणारे वक्ते सोयीस्करपणे विसरतात.

पण सरासरी ही फसवी वस्तू आहे. पुढारलेला जिल्हा पुढे सरकला की ती वर चढते, आणि मागचा जिल्हा चालत असूनही मागेच दिसतो. त्यात महागाईची भर. राज्यघटनेच्या 371 (2) कलमान्वये 1 मे 1994 रोजी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, राज्यपालांकडे निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी आली, आणि नव्या मोजणीत अनुशेष सुमारे 14 हजार कोटींवर गेलेला आढळला. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

या साऱ्या हिशेबांत मला सर्वांत आवडतो तो 1990 मध्ये हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीचा. कोकणात आंबा-काजू, जालन्याकडे मोसंबी, अशी कातळमाळाची आणि कोरडवाहू रानांची कळा तिने पालटली. अनुदान शंभर टक्के, पण हाती पडायचे तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने आणि जगलेल्या रोपांच्या हिशेबाने. कृषी खात्याचा माणूस ओळीओळीतून फिरतो, मालक पुढे होऊन प्रत्येक आळ्याकडे बोट दाखवितो, आणि कागदावर खर्ची पडलेली रक्कम न लिहिता जिवंत झाडांचा आकडा लिहिला जातो. मोजणीची वर्दी गावात आधी लागतेच. तेव्हा आदल्या आठवड्यात मालक मेलेल्या रोपांच्या जागी गुपचूप नवी रोपे लावून नांग्या भरून घेतो, आणि आपण सरकारला कसे फसविले याच्या आनंदात त्यांना हंड्याने पाणी घालीत राहतो.