नट पडू नये म्हणून : लोहचुंबकी गोटीपान्याची ओळख

निपाणीहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांस रस्त्याकडेची गॅरेजे काही नवी नाहीत. पुणे-बंगळूर रस्त्यावरची मालवाहतूक आणि बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा ह्यांच्यावर आपल्या भागातील कित्येक कुटुंबांची चूल पेटते. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली बरीच मुले आज हातात पाना धरून संसार चालवीत आहेत. ही मुले जे हत्यार रोज वापरतात, त्यातील शास्त्र त्यांच्या घरच्या मंडळींसही ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम घडलेली एक हकीकत सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी हमरस्त्यावरील एका गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होता. तंबाखूची पोती भरलेला एक ट्रक दुरुस्तीस आला. इंजिनाच्या डोक्यावरचे झाकण काढून आतील काम झाले. आता फक्त नट बसवावयाचे राहिले होते. जागा अडचणीची, हात तेलकट. मुलाने गोटीच्या टोकाशी नट धरला आणि गोटी आडवी करताच तो निसटला. झाकणाखाली पुशरॉडची भोके असतात. त्यांपैकी एका भोकातून नट थेट खाली तेलाच्या चेंबरात गेला.

पुढचे सर्व काम त्या एका नटासाठी झाले. तेल काढले, चेंबर उतरविले, जुने पॅकिंग फाटले म्हणून नवे आणविले. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' म्हणतात तसे झाले. ट्रक अर्धा दिवस अडकला, मालकाने मुलाची मजुरी कापली आणि चार माणसांत बोलणीही बसली. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे काम माझ्या हातचे नाही. मी उद्यापासून जात नाही." दोष त्याच्या हाताचा होता की हत्याराचा, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनात आला.

आता हत्याराकडे वळू. ज्यास आपल्याकडे गोटीपाना म्हणतात, ती गोटी म्हणजे पोलादाची लहान नळी होय. तिच्या एका तोंडास नटाच्या सहा पैलूंवर बसेल असा आकार असतो आणि दुसऱ्या तोंडास दांडा बसविण्यासाठी चौकोनी भोक असते. हे भोक पाव इंच, तीन अष्टमांश इंच किंवा अर्धा इंच अशा मापांचे येते. गोटी नटाचे सहाही पैलू धरते, म्हणून नट झिजत नाही आणि जोरही सारखा लागतो. मात्र तिच्यात एक उणीव आहे. ती नट फिरविते, पण धरून ठेवीत नाही. गोटीचे तोंड खाली झाले की नट गळून पडतो.

ह्यावर आपल्या मिस्त्री लोकांनी फार पूर्वीपासून तोडगे काढले आहेत. कोणी गोटीत थोडे ग्रीस भरतो; ग्रीसच्या चिकटपणाने नट क्षणभर टिकतो. कोणी नटाच्या डोक्यावर कागदाचा तुकडा ठेवून तो गोटीत घट्ट दाबतो. हे उपाय टाकाऊ मुळीच नाहीत. परंतु ग्रीसला धूळ चिकटते, उन्हात ते पातळ होते, आणि कागदाचा कपटा आत राहून गेला तर नवीच ब्याद.

लोहचुंबकी गोटीत तळाशी एक लहान चुंबक बसविलेला असतो. बोल्टचे डोके आत गेले की चुंबक त्यास ओढून धरतो; मग गोटी आडवी करा वा उलटी करा, बोल्ट पडत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही मुलांस एक प्रयोग दाखवितो. चुंबकास लोखंडी खिळा लावला, की त्या खिळ्याच्या टोकास टाचण्या लटकतात. चुंबक बाजूस केला की टाचण्या गळतात. चुंबकाच्या सान्निध्यात खिळा स्वतः तात्पुरता चुंबक बनतो. गोटीतील बोल्टचेही असेच होते. चुंबकापासून दूर जाताच त्याची ओढ फार झपाट्याने कमी होते, हेही मुले त्याच प्रयोगात पाहतात. म्हणून गोटीत डोके चुंबकास टेकले तर पकड पक्की, मध्ये कचरा वा जाड वायसर आला की पकड ढिली.

एवढासा चुंबक हे काम करू शकतो, ही गेल्या शतकाची देणगी आहे. जपानात १९३१ साली मिशिमा ह्यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम ह्यांच्या मिश्रणातून बलवान चुंबक तयार केला. १९५० च्या सुमारास काळे, स्वस्त फेराइट चुंबक आले. लाउडस्पीकरच्या पाठीमागे दिसतात ते बहुधा हेच. पुढे १९८० नंतरच्या दशकात जपान व अमेरिकेत निओडिमियम, लोह व बोरॉन ह्यांचा चुंबक निघाला. तो बटणाएवढा असूनही जड बोल्ट उचलतो.

पण प्रत्येक गुणास मर्यादा असते, आणि ती माहीत नसेल तर चांगले हत्यारही घात करते. पहिली मर्यादा धातूची. चुंबक लोखंड व साधे पोलाद ओढतो. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम ह्यांस ओढीत नाही. कार्बोरेटरचे पितळी जेट चुंबकी गोटीस दाद देणार नाहीत. नेहमीच्या वापरातील बरेचसे स्टेनलेस स्टीलचे बोल्टही चुंबकास जवळजवळ चिकटत नाहीत. घरातल्या स्टीलच्या भांड्यांस चुंबक लावून पाहिल्यास काही भांडी चिकटतात, काही चिकटत नाहीत, हे गृहिणींस सहज कळेल. अशा ठिकाणी जुने ग्रीसच बरे.

दुसरी मर्यादा उष्णतेची. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सियसच्या वर तापला की त्याची शक्ती कायमची घटू लागते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात तेवढी उष्णता सहज असते. इंजिन निवू द्यावे; त्यात चुंबकही वाचतो आणि बोटेही.

तिसरी गोष्ट लोखंडी किसाची. चुंबक जसा नट धरतो, तशी बारीक भुकटीही धरतो, आणि ती भुकटी गोटीबरोबर इंजिनात गेली तर बेअरिंगे खाते. म्हणून प्रत्येक वेळी गोटी फडक्याने आतून पुसून घ्यावी. हाच गुण दुसरीकडे उपयोगी पडतो: पुष्कळ गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या तळाच्या बुचास चुंबक असतो, तो तेलातील लोखंडी कीस आपल्याजवळ गोळा करून ठेवितो.

चौथी गोष्ट खोलीची. नटातून बोल्टची दांडी लांब बाहेर येत असेल, तर ती तळाच्या चुंबकास जाऊन टेकते आणि गोटी पुरती बसत नाही. अर्धवट बसलेल्या गोटीने जोर केला की नटाचे पैलू गोल होतात. तेथे लांब गोटी घ्यावी.

काही मुले बाजारातून चकतीसारखा चुंबक आणून साध्या गोटीत टाकतात. युक्ती चांगली आहे, पण चकती सैल राहिली तर ती बोल्टच्या डोक्यास चिकटून इंजिनातच राहू शकते. म्हणून ती घट्ट बसवावी आणि काम संपल्यावर ती गोटीत आहे की नाही, हे पाहूनच झाकण लावावे. घरच्या मंडळींस येथे एक कळकळीची सूचना करतो. असे लहान चुंबक मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांस ओढतात व आतड्यास भोक पडू शकते. तसे घडल्यास वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे, त्यांनीही असा चुंबक वीतभर तरी दूर ठेवावा. सदऱ्याच्या खिशात तर तो कधीही ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. चुंबक नट धरतो, आटे जुळवीत नाही. नट किंवा स्पार्क प्लग जागेवर नेल्यावर पहिले दोन-तीन फेरे हाताच्या बोटांनीच, दांडा न लावता, हलके फिरवावेत. आटे तिरपे धरले तर बोटांस ते लगेच कळते, लांब दांड्यास कळत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले, की त्यांचा खर्च चेंबर उतरविण्याहूनही भारी पडतो. स्पार्क प्लगच्या गोटीत पुष्कळदा चुंबकाऐवजी रबराची चकती असते. तीही प्लग धरण्यासाठी, आणि त्याच्या चिनी मातीच्या भागास तडा जाऊ नये म्हणून.

आणि इतके करूनही नट पडलाच तर घाबरू नये, इंजिन मात्र मुळीच फिरवू नये. लांब दांडीचा चुंबक आत सोडून शोधावे. भोवतालचे अंग ॲल्युमिनियमचे असेल तर चुंबक थेट नटाकडे जातो. बिडाचे असेल तर तो वाटेत भिंतीस चिकटत राहतो, तेथे धीर धरावा.

बेळगावचा ह्या विद्येशी संबंध जुना आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ह्याच गावात सायकलींचे दुकान चालविले. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो. पुढे लोखंडी नांगर झाला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या उद्योगाचे मूळ सायकलीच्या दुकानात, म्हणजे पाना आणि नटबोल्टांच्या संगतीतच आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेजात पाठविले. बरोबर १० आणि १३ मिलिमीटरच्या दोन चुंबकी गोट्या दिल्या, आणि वर लिहिलेले सारे समजावून सांगितले. मिस्त्रींनी त्या हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाले, "मास्तर, हे आम्हांला वीस वर्षांपूर्वी कोणी का नाही दिले?" तो मुलगा आज त्याच गॅरेजात आहे, आणि आता त्याच्या हाताखाली दुसरा मुलगा शिकतो. त्यालाही तो प्रथम गोटी पुसावयास आणि नट बोटांनी लावावयास शिकवितो, असे आम्ही परवाच पाहिले.

ज्या घरांतील मुलगा यंदा आयटीआयमध्ये किंवा गॅरेजात पाऊल टाकीत असेल, त्या घरांस आमचे एवढेच सांगणे आहे. नव्या कपड्यांबरोबर त्यास एक बरा पाना घेऊन द्या, आणि त्याच्या हातून नट पडला तर रागावण्यापूर्वी त्याच्या हाती कोणते हत्यार होते, तेवढे विचारा.