सदरचा ठेला, मे महिना आणि तळलेली मासोळी



मे महिन्यात नागपूर दिवसभर तव्यासारखं तापतं. लोक बाहेर पडतात ते ऊन उतरल्यावर. सदरमध्ये रस्त्याच्या कडेला ठेल्यावर कढई चढते, तिखट-मीठ लावलेला रोहूचा तुकडा तेलात पडतो आणि चर्र आवाज येतो. वर लिंबू, बाजूला कांदा. मुलांचा हट्ट सुरू!

अशाच गप्पांत माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, आपल्याकडे समुद्र नाही, मग मासोळी येते कुठून? आणि तळल्यावर सगळे जंतू मरतातच ना?" दोन्ही प्रश्न एका पाठाएवढे मोठे आहेत.

मासोळी येते कुठून?

रोहू, कटला, मरळ ही गोड्या पाण्यातली मासोळी. विदर्भाला तलावांची मोठी परंपरा आहे. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव प्रसिद्ध आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. ढिवर समाजाची उपजीविका अशाच पाण्यावर चालत आली. सुरमई, बांगडा मात्र समुद्रातले. मुंबईहून यायचे तर शेकडो किलोमीटरचा प्रवास, तोही बर्फात. मधे कुठे बर्फ वितळला, तर मासोळी तिथेच बिघडायला लागते.

कढईत काय घडतं?

तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेलं असतं. पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणून तुकड्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर पडते. चर्र आवाज तिचाच! ही वाफ तेलाला आत शिरू देत नाही. एकदम खूप तुकडे टाकले तर तेल थंडावतं, आवाज मंदावतो आणि मासोळी तेलकट होते.

मग तळलं की सगळं सुरक्षित?

इथेच आपली गफलत होते. नीट तळल्याने बहुतेक जिवाणू मरतात हे खरं. पण साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतात, आणि मे महिन्यातली आपली संध्याकाळही त्यातच येते. बांगडा, सुरमई यांसारखे मासे उष्णतेत राहिले, तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार करतात. जिवाणू मेले तरी ते तसंच राहतं, तळूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी, उलटी असा त्रास होऊ शकतो. म्हणजे बिघडलेली मासोळी कढई सुधारू शकत नाही, बरं का!

ठेल्यावर काय पाहावं?

१. कच्ची मासोळी बर्फात, झाकून ठेवली आहे का?
२. तुकडा आपल्यासमोर तळला जातो का? आतपर्यंत शिजला आहे का?
३. तेल काळपट, चिकट, धुरकट झालंय का? १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियम आहे : तेलातली 'एकूण ध्रुवीय संयुगं' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणीला वापरायचं नाही.
४. खायला वर्तमानपत्राचा कागद देतात का? छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते. घरून डबा न्यावा, हे उत्तम.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना घरी पुरी किंवा भजी तळताना मोठ्यांसोबत, जरा लांब उभं राहून फक्त आवाज ऐकायला सांगा. आवाज कधी वाढला, कधी कमी झाला, का? वहीत लिहू द्या. उष्णता, बाष्पीभवन, अन्नसुरक्षा हे तिन्ही धडे त्यात येतील.

आणि पालकहो, ठेल्यावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. त्या कढईवर कुणाचं तरी घर चालतं. फक्त हसत विचारा, "भाऊ, मासोळी आजची आहे ना? बर्फात आहे ना?" माल चांगला असेल तर तो स्वतःच झाकण उघडून दाखवेल. तुमचं बघून मुलंही विचारायला शिकतील. मोठेपणी ती एकटी ठेल्यावर उभी राहतील, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्या कामी येईल.