अर्दित आणि सातवी शीर्षण्य नाडी

चरकांनी अर्दितात अर्धदेहाची विकृतीही सांगितली. सुश्रुतांनी तो मुखापुरताच मानला. तोंड वाकडे झालेला रुग्ण आला की हा भेद आम्ही प्रथम कपाळावर पाहतो. सातवी शीर्षण्य नाडी चेहऱ्याच्या मांसपेशी हलविते, जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चवही नेते. ती बिघडल्यास त्या बाजूस कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही; नस्याआधी तो डोळा जपावा. परंतु कपाळाच्या पेशींना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. म्हणून आठी पडत असूनही तोंड वाकडे असेल तर पक्षाघाताची शंका धरावी. हातपाय लुळे असल्यास आठीही पाहत बसू नये. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि किन्हवलीहून शहापूरमार्गे ठाणे गाठण्यातच त्यातील बराच वेळ जातो. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास तेलाची बाटली देण्याऐवजी आधी गाडी पाहून द्यावी.