गुडघ्यावरची रंगीत पट्टी

सजद्यातून उठताना आधी हात जमिनीवर टेकवावा लागतो, पुढे भिंतीचा आधार लागतो आणि एक दिवस अम्मींच्या मुसल्यावर खुर्ची येते. हा क्रम आपल्या घरांतून इतका ओळखीचा झाला आहे की त्याला कुणी आजार म्हणतच नाही. ‘वय झालं’ म्हटले की विषय संपतो. अशा गुडघ्यांवर अलीकडे निळी, गुलाबी, काळी चिकटपट्टी दिसू लागली आहे. मेडिकलमध्ये ती सहज मिळते आणि मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून घरीच लावली जाते. म्हणून तिच्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, असे आम्हाला वाटते.

तिचे नाव किनेसिओलॉजी टेप. जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. जुन्या ताठ पट्ट्या सांधा जखडून ठेवत. कासे यांना सांधा हलता ठेवून आधार देणारी पट्टी हवी होती. ताणले जाणारे सुती कापड आणि मागे गोंद, एवढेच तिच्यात असते. औषध अजिबात नसते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी लावून खेळली आणि ती जगभर पोहोचली. रंगाचा गुणाशी काही संबंध नाही. काळी जास्त ‘पॉवरफुल’ असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

आता मुख्य प्रश्न. आराम पडतो का? काहींना पडतो, थोडा आणि थोड्या दिवसांपुरता. त्वचेवरच्या हलक्या ताणामुळे दुखण्याची जाणीव कमी होत असावी, असे मानले जाते. पण बिनताणाची, नुसती नावापुरती लावलेली पट्टी आणि खरी पट्टी यांची तुलना केली, तेव्हा अनेक अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही. झिजलेला सांधा पट्टीने भरून येत नाही. गुडघ्याच्या झिजेवर खरा भरवसा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचाच. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती पाच सेकंद खाली दाबावी आणि सोडावी. असे दहा वेळा. पट्टीमुळे हा व्यायाम करताना दुखणे कमी वाटत असेल, तर तिचा पैसा वसूल झाला.

पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्यावी आणि नीट पाहून घ्यावे. त्वचा धुऊन कोरडी करावी, तेल-मलम नको. पट्टीचे कोपरे गोल कापले की ती कपड्यात अडकून उचकटत नाही. दोन्ही टोके न ताणता चिकटवावीत, ताण फक्त मधल्या भागात आणि तोही बेताचा. जोरात ओढली की जास्त गुण, हा गैरसमज आहे. त्याने फोड येतात. नंतर हाताने चोळावी, उबेने गोंद पकडतो. तीन ते पाच दिवस राहते. काढताना खोबरेल तेल लावून, केसांच्या दिशेने, सावकाश. खाज किंवा पुरळ आले तर लगेच काढावी.

जखमेवर, फाटक्या किंवा नाजूक त्वचेवर लावू नये. मधुमेह असून पायाला बधिरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, सांधा लाल होऊन ताप आला किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर पट्टी शोधत बसू नये, दवाखाना गाठावा.

राहिला वुजूचा प्रश्न. गुडघा, खांदा, कंबर हे वुजूत धुवायचे अवयव नाहीत. तिथल्या पट्टीने वुजूला अडचण नाही. मनगट, कोपर, घोटा यांचे तसे नाही, कारण पट्टीखाली पाणी पोहोचत नाही. गुस्लच्या वेळी तर कुठल्याही पट्टीचा प्रश्न येतो. पट्टीची गरज कितपत आहे आणि ती काढली तर त्रास होईल का, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे आणि तेवढी माहिती घेऊन आपल्या आलिमांना मसला विचारावा.