बँकेचा शेअर पारखताना खेळते भांडवल का उपयोगी पडत नाही?

आमच्या ट्रॉम्बेत कोळीण पहाटे रोख देऊन मासळी घेते आणि दुपारपर्यंत विकून पैसे सोडवते. हे खेळते भांडवल. कारखान्याचा शेअर पारखायला मी त्यावरूनच शिकलो. पुढे एका बँकेचा ताळेबंद उघडला, तर चालू मालमत्ता आणि चालू देणी हे रकानेच नाहीत! १९४९च्या बँकिंग नियमन कायद्यातील नमुन्यात ते नसतातच. ठेवी हे बँकेचे देणे आणि तोच तिचा कच्चा माल. म्हणून प्रश्न वेगळे विचारावे लागतात: दिलेली कर्जे परत येतात का? न आल्यास तोटा सोसायला स्वतःचे भांडवल किती?

येस बँकेने ३१ मार्च २०१६ रोजी ढोबळ थकीत कर्जे ७४९ कोटी रुपये दाखवली. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी निघाली. थकीत कर्ज झाकले की शेअरचे पुस्तकी मूल्यही फुगलेले दिसते, आणि महाग शेअर स्वस्त वाटतो. ही तफावत बँकेच्याच २०१६-१७च्या वार्षिक अहवालात, हिशेबाच्या टिपांत छापलेली होती. पैसे काढण्यावर पन्नास हजारांची मर्यादा आली ती मार्च २०२० मध्ये.

तेव्हापासून मी नफ्याच्या आकड्याआधी टिपा वाचतो.